खानदेशातून दिल्लीला गेलेल्या

डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेच्या पटलावर एक अहवाल ठेवला गेला. विषय होता ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ या योजनेचा. २०१६ ते २०१९ या काळात योजनेसाठी ४४६.७२ कोटी रुपये सोडण्यात आले आणि त्यातले ७८.९१ टक्के केवळ प्रसिद्धीवर खर्च झाले, असं त्यात नोंदवलेलं होतं. योजना सुरू झाल्यापासून २०१९-२० पर्यंत राज्यांकडे ६२२.४८ कोटी गेले, राज्यांनी त्यातले १५६.४६ कोटीच वापरले, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. जाहिरातींवरच्या खर्चाचा आता फेरविचार करावा आणि पैसा मुलींच्या शिक्षणाकडे, आरोग्याकडे वळवावा, अशी शिफारस अहवालाने केली. योजना केंद्र सरकारची, पंतप्रधानांनी स्वतः जानेवारी २०१५ मध्ये पानिपतला सुरू केलेली. हा हिशेब मांडणाऱ्या महिला सबलीकरण समितीच्या अध्यक्ष मात्र विरोधी बाकांवरच्या नव्हत्या. त्या भाजपच्याच खासदार होत्या, वय चौतीस, पेशाने डॉक्टर. नाव हीना विजयकुमार गावित.

साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरच्या मतदारांच्या त्या खासदार. पांझरेच्या काठावरचं हे गाव १८८०च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तालुक्याचं ठिकाण म्हणून नोंदलेलं आहे. पुढे कचेरी साक्रीला गेली. आज कांद्याचे लिलाव, सुरतेकडे आणि सटाण्याकडे फुटणारे रस्ते आणि पश्चिमेकडच्या डोंगरातून बाजाराला उतरणारे कोकणा, भिल्ल आणि मावची पाडे, असा या गावाचा पसारा आहे. जिल्हा धुळे, पण मतदारसंघांच्या २००८च्या फेररचनेनुसार साक्री आणि शिरपूर हे दोन विधानसभा मतदारसंघ नंदुरबार लोकसभेत येतात. त्यामुळे इथल्या खासदाराला सातपुड्यातल्या अक्कलकुव्यापासून पिंपळनेरच्या डोंगरपट्ट्यापर्यंतचा मुलूख सांभाळावा लागतो आणि बैठकांना दोन-दोन जिल्ह्यांच्या कचेऱ्या गाठाव्या लागतात. या दोन जिल्ह्यांमुळे हीना गावितांवर एकदा जिवावरचा प्रसंग आला. त्याची हकीकत पुढे येईल.

खानदेशातल्या महिला खासदारांची ओळख बहुतेक वेळा नात्याने सांगितली जाते. ही अमक्यांची लेक, ती तमक्यांची सून. नाती खरी आहेत आणि ती लपवण्याचं कारण नाही. पण नात्यापाशीच हकीकत थांबली की दिल्लीत गेल्यावर या बायकांनी काय केलं, त्यांना काय सोसावं लागलं, हे सांगायचं राहून जातं. म्हणून सुरुवात थोडी मागून करायला हवी.

१९६२ची विधानसभा निवडणूक. जळगाव मतदारसंघातून काँग्रेसने सत्तावीस वर्षांच्या एका वकील मुलीला उमेदवारी दिली. प्रतिभा नारायणराव पाटील. जन्म बोदवडजवळच्या नाडगावचा, शाळा जळगावची आर. आर. विद्यालय, महाविद्यालय मूळजी जेठा, तिथून एम. ए., मग मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी आणि परत येऊन जळगावच्या न्यायालयात वकिली. महाविद्यालयात टेबल टेनिस खेळणारी ही मुलगी त्या वर्षी निवडून आली तेव्हा अविवाहित होती. लग्न झालं १९६५ मध्ये, अमरावतीच्या देवीसिंह शेखावतांशी. आमदारकी आधी आली, सासर नंतर. पुढच्या साठ वर्षांत खानदेशातून वर गेलेल्या स्त्रियांच्या वाटा पाहिल्या की हा क्रम किती वेगळा होता ते ध्यानात येतं. १९६२ मध्येच जळगावला महिला होमगार्डचं पथक उभं राहिलं आणि त्याच्या प्रमुखही त्याच होत्या.

१९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबादच्या मतदारांनी त्यांना सलग चार वेळा मुंबईला पाठवलं. एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण, गृहनिर्माण अशी खाती त्यांच्याकडे येत-जात राहिली. स्त्री मंत्री म्हटलं की समाजकल्याण द्यायचं, हा रिवाज त्यांच्याही वाट्याला आला, पण त्यात त्या अडकून पडल्या नाहीत. शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार असताना, १९७९ मध्ये, त्या विधानसभेतल्या विरोधी पक्षनेत्या झाल्या. इंदिरा गांधींचा पक्ष तेव्हा दिल्लीतही सत्तेबाहेर होता. पडत्या काळात पक्षाच्या वतीने उभं राहून बोलायची ती जागा होती. मला वाटतं, त्यांच्या पुढच्या प्रवासाचं खरं शिक्षण मंत्रिपदांपेक्षा त्या काही महिन्यांत झालं असावं.

१९८५ मध्ये त्या राज्यसभेवर गेल्या आणि १८ नोव्हेंबर १९८६ रोजी उपसभापती झाल्या. त्या खुर्चीवर त्यांच्याआधी व्हायलेट अल्वा आणि नजमा हेपतुल्ला या दोनच स्त्रिया बसल्या होत्या. काळ कसा होता ते आठवावं लागेल. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडनच्या नभोवाणीवरून बोफोर्सची बातमी फुटली आणि दोन्ही सभागृहं पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजस्थानातल्या देवराळ्यात रूपकंवर चितेवर जळाली आणि वर्षअखेरीला संसदेने सतीप्रतिबंधक कायदा केला. याच काळात प्रतिभाताईंना एक वेगळी जबाबदारी पेलावी लागली. उपराष्ट्रपती आर. वेंकटरामन राष्ट्रपती झाले, सभापतींची खुर्ची रिकामी झाली आणि २५ जुलै ते २ सप्टेंबर १९८७ या काळात सभापतींचं काम उपसभापती प्रतिभाताईंकडे आलं. बरोबर वीस वर्षांनी, २५ जुलै २००७ रोजी, त्यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. तारखांचा हा योगायोग खानदेशात फारसा कुणाला ठाऊक नाही.

मधल्या काळात त्या प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या आणि १९९१ मध्ये लोकसभेवर गेल्या, पण सासरच्या अमरावतीतून. लढवलेली एकही निवडणूक त्या हरल्या नाहीत. तरीही २००७ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी नाव आलं तेव्हा ‘या कोण?’ असं दिल्लीतल्या वर्तमानपत्रांनी विचारलं. पंचेचाळीस वर्षांची कारकीर्द, राज्यसभेतली खुर्ची, राजस्थानचं राज्यपालपद, सगळं असूनही. टीका झाली त्यात काही गंभीर मुद्दे होते. त्यांच्या नावाने जळगावात निघालेली महिला सहकारी बँक २००३ मध्ये परवाना रद्द होऊन बंद पडली होती आणि तो प्रश्न विचारणं रास्तच होतं. पण ‘या कोण?’ हा प्रश्न वेगळ्या जातीचा होता. तो दिल्लीच्या अज्ञानातून आला होता.

जून २००९च्या पहिल्या आठवड्यात दिल्लीत जे घडलं त्यात खानदेशाचा वाटा किती मोठा होता हे आजही आश्चर्याचं वाटतं. पंधरावी लोकसभा भरायची होती. सर्वांत ज्येष्ठ सदस्यांपैकी एक म्हणून नंदुरबारचे माणिकराव गावित हंगामी अध्यक्ष झाले आणि राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी त्यांना शपथ दिली. नवापूरचे आदिवासी खासदार, समोर जळगावच्या राष्ट्रपती. माणिकरावांच्या देखरेखीखाली नव्या सदस्यांच्या शपथा झाल्या आणि ३ जूनला मीरा कुमार लोकसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. दुसऱ्या दिवशी, ४ जूनला, राष्ट्रपतींनी संयुक्त सभागृहापुढे अभिभाषण केलं. संसदेत आणि विधानसभांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणारं विधेयक लवकर मंजूर करण्याचं वचन त्या भाषणात होतं. अभिभाषण सरकार लिहून देतं, तरी ते वचन एका स्त्री राष्ट्रपतीच्या तोंडून, स्त्री अध्यक्षांच्या उपस्थितीत उच्चारलं गेलं.

वचन अर्धंच पाळलं गेलं. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने १८६ विरुद्ध १ अशा मतांनी विधेयक मंजूर केलं. आदल्या दिवशी सभापतींच्या पुढ्यातले कागद फाडले गेले होते आणि मंजुरीच्या दिवशी निलंबित सदस्यांना मार्शलकरवी बाहेर काढावं लागलं. लोकसभेत मात्र ते कधी मताला आलंच नाही. २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही गेलं.

त्याच २०१४च्या उन्हाळ्यात खानदेशात दोन तरुण स्त्रिया लोकसभेला उभ्या राहिल्या. दोघींचा जन्म १९८७चा. त्यातल्या हीना गावित नंदुरबारच्या. वडील डॉ. विजयकुमार गावित राज्यात राष्ट्रवादीचे मंत्री. मुलीने भाजपमध्ये प्रवेश केला आणि वडिलांचं मंत्रिपद गेलं. समोर होते माणिकराव गावित, १९८१ पासून एकदाही न हरलेले, नऊ वेळा निवडून आलेले. इंदिरा गांधींच्या काळापासून नंदुरबार म्हणजे काँग्रेस, असं समीकरण होतं. ते सव्वीस वर्षांच्या डॉक्टर मुलीने एक लाख सहा हजारांहून अधिक मतांनी मोडलं. पाच वर्षांपूर्वी देशभरच्या खासदारांना ज्यांच्या समोर शपथ घ्यावी लागली, त्यांची जागा आता तिच्याकडे आली.

दुसरी रावेरमध्ये. रक्षा खडसे मुक्ताईनगरजवळच्या कोथळीच्या सरपंच होत्या, मग जळगाव जिल्हा परिषदेत सदस्य आणि सभापती झाल्या. मे २०१३ मध्ये पतीचं निधन झालं. पुढच्या वर्षी भाजपने रावेरसाठी आधी हरिभाऊ जावळे यांचं नाव जाहीर केलं आणि मग ते बदलून रक्षाताईंना उमेदवारी दिली. सासरे एकनाथ खडसे तेव्हा विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. उमेदवारी कशी बदलली हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्या तीन लाख अठरा हजारांच्या मताधिक्याने निवडून आल्या. वैधव्याचं पहिलं वर्ष, पदरात लहान मुलं आणि दिल्लीचं अधिवेशन, अशी त्यांची सुरुवात होती. खेड्यातल्या कोणत्याही बाईला विचारा, त्या वर्षात घराबाहेर पाऊल टाकायलाही किती बळ लागतं ते ती सांगेल.

त्यांची खरी परीक्षा पुढे झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये एकनाथ खडसे भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले. सून भाजपतच राहिली. एका घरात दोन पक्ष, दोघांचा मतदारसंघ एकच, कार्यकर्ते तेच. सासऱ्यांच्या बळावर आल्या म्हणणाऱ्यांना २०१९ पर्यंत तसं म्हणता येत होतं. २०२४ मध्ये त्या तिसऱ्यांदा, दोन लाख बाहत्तर हजारांच्या फरकाने निवडून आल्या आणि ९ जून २०२४ रोजी केंद्रात राज्यमंत्री झाल्या, युवक कल्याण आणि क्रीडा खात्याच्या.

आता हीना गावितांची ती हकीकत. ५ ऑगस्ट २०१८, रविवार. मराठा आरक्षणाचं आंदोलन राज्यभर पेटलं होतं. धुळ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा नियोजन समितीची बैठक होती. नंदुरबारच्या खासदार धुळ्याच्या बैठकीला आल्या त्या साक्री, शिरपूरमुळे. बैठक संपवून निघताना जमावाने गाडी अडवली, काहीजण गाडीवर चढले, काचा फुटल्या. त्या आत होत्या. दुसऱ्या दिवशी लोकसभेत उभं राहून त्यांनी सगळा प्रसंग सांगितला, पोलिसांच्या बेफिकिरीबद्दल तक्रार केली आणि आदिवासी महिला खासदारावर हल्ला झालेला असताना ॲट्रॉसिटीचं कलम लावण्यात टाळाटाळ का, असं विचारलं. राज्यातही, केंद्रातही त्यांच्याच पक्षाचं सरकार होतं. आंदोलनाची मागणी काय आणि कितपत न्याय्य, हा वेगळा प्रश्न. पण स्वतःच्या जिवावर बेतलेली गोष्ट सभागृहात, आपल्याच सरकारसमोर, नोंदवून ठेवणं हे धैर्याचं काम होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

२०१९ मध्ये के. सी. पाडवींना हरवून त्या पुन्हा आल्या. दिंडोरीतूनही त्या वेळी एक आदिवासी डॉक्टर निवडून आल्या, भारती पवार. २०२१ मध्ये त्या केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या. म्हणजे पाच वर्षं अशी गेली की नंदुरबार आणि दिंडोरी या दोन्ही राखीव जागांवर डॉक्टर असलेल्या आदिवासी स्त्रिया खासदार होत्या. दोन्ही जागा जमातीसाठी राखीव, स्त्रियांसाठी नव्हेत.

याच काळात सुरुवातीला सांगितलेला तो अहवाल आला. खानदेशाला त्यातली आकडेवारी परकी नव्हती. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या आणि म्हणूनच ‘बेटी बचाओ’च्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत जळगाव होतं. ज्या प्रदेशातून एक मुलगी राष्ट्रपती झाली, तिथेच मुली जन्माआधी कमी होत होत्या. योजनेचे पैसे भिंतींवरच्या जाहिरातींत जात आहेत, ही गोष्ट समितीच्या खोलीत कागदोपत्री सिद्ध करणं आणि ती सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षाच्या सहीने पटलावर ठेवणं, याला माझ्या मते दहा भाषणांपेक्षा जास्त मोल आहे. समित्यांचं काम दूरचित्रवाणीवर दिसत नाही. तिथे घोषणा चालत नाहीत, खात्याच्या सचिवांना समोर बसवून आकडे मागावे लागतात. खासदाराचं मोजमाप करायचं असेल तर ते तिथे करावं.

जळगावची गोष्ट आणखी निराळी. अमळनेरच्या स्मिता वाघ विद्यार्थी परिषदेपासून संघटनेत वाढलेल्या, जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष राहिलेल्या, विधान परिषदेवर गेलेल्या. २०१९ मध्ये भाजपने त्यांना जळगाव लोकसभेची उमेदवारी जाहीर केली आणि ऐन वेळी ती काढून उन्मेष पाटलांना दिली. जाहीर झालेलं तिकीट परत घेतलं जाणं हा राजकारणातला सगळ्यात उघडा अपमान असतो, कारण तो गावोगाव फलक लागल्यावर होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे पती, पक्षाचे माजी जिल्हाध्यक्ष उदय वाघ, वारले. स्मिताताईंनी पक्ष सोडला नाही. पाच वर्षांनी उमेदवारी स्मिताताईंकडे आली, उन्मेष पाटील ठाकरे गटात गेले आणि स्मिताताई अडीच लाखांहून अधिक मतांनी निवडून आल्या. रावेरला २०१४ मध्ये जाहीर नाव बदलून स्त्री उमेदवार आली, जळगावला २०१९ मध्ये जाहीर नाव बदलून स्त्री उमेदवार गेली. दोन्ही वेळा निर्णय मुंबई-दिल्लीत झाला आणि दोन्ही वेळा मतदारांना कुणी विचारलं नव्हतं.

२०२४च्या निवडणुकीत कांदा हा उत्तर महाराष्ट्रातला मोठा मुद्दा होता. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी घातली, भाव कोसळले, बंदी उठली ती मे महिन्यात, मतदान तोंडावर आल्यावर. साक्रीपासून दिंडोरीपर्यंत शेतकऱ्यांच्या मनात राग होता आणि आदिवासी पट्ट्यात संविधानाच्या भवितव्याची धास्ती होती. १३ मेला नंदुरबार, जळगाव, रावेरला मतदान झालं, २० मेला धुळे आणि दिंडोरीला. नंदुरबारमध्ये काँग्रेसच्या गोवाल पाडवींनी हीना गावितांना दीड लाखाहून अधिक मतांनी हरवलं. दिंडोरीत भारती पवारही हरल्या. समितीचा अहवाल, सभागृहातली भाषणं यांचा त्या निकालात काही हिशेब धरला गेला असेल असं वाटत नाही. मतदारांचा राग सरकारवर होता आणि तो सरकारच्या उमेदवारांवर निघाला.

धुळ्यात त्याच रागाने एका स्त्रीला आत आणलं. डॉ. शोभा बच्छाव नाशिकच्या, तिथल्या माजी महापौर, राज्यात आरोग्य राज्यमंत्री राहिलेल्या. काँग्रेसने त्यांना धुळ्यातून उभं केलं तेव्हा बाहेरच्या उमेदवार म्हणून पक्षातूनच कुरबुर झाली. मतमोजणीत भाजपचे डॉ. सुभाष भामरे सहापैकी पाच विधानसभा मतदारसंघांत पुढे होते. मालेगाव मध्यच्या मतांनी सगळं पालटलं आणि बच्छाव ३,८३१ मतांनी विजयी झाल्या.

अशी अठराव्या लोकसभेत खानदेशाच्या चारपैकी तीन जागांवर स्त्रिया आल्या. महाराष्ट्रातल्या ४८ खासदारांत स्त्रिया सात, त्यातल्या तीन या एका पट्ट्यातल्या. देशभरात ५४३ पैकी ७४, म्हणजे चौदा टक्क्यांहूनही कमी. चौथी जागा, पिंपळनेरची, तेवढी पुन्हा पुरुषाकडे गेली. पण त्याच वर्षी साक्री विधानसभा मतदारसंघाने मंजुळा गावित यांना दुसऱ्यांदा आमदार केलं. २०१९ मध्ये त्या कोणत्याही पक्षाच्या तिकिटाविना, अपक्ष म्हणून जिंकल्या होत्या.

अपक्ष लढण्याची वेळ हीना गावितांवरही आली. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभेला अक्कलकुव्याची जागा महायुतीत शिवसेनेकडे गेली. दहा वर्षं लोकसभेत काढलेल्या हीनाताईंनी भाजपचा राजीनामा दिला आणि अपक्ष अर्ज भरला. आमश्या पाडवी निवडून आले, त्या हरल्या.

दरम्यान सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाचा कायदा झाला. लोकसभेत ४५४ विरुद्ध २, राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य. २००९च्या अभिभाषणातलं वचन चौदा वर्षांनी, दुसऱ्या सरकारच्या हातून पुरं झालं, पण अंमल जनगणना आणि त्यानंतरच्या फेररचनेवर ठेवला गेला. जमातींसाठी राखीव जागांतल्याही एकतृतीयांश स्त्रियांना द्यायच्या, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे आणि प्रत्येक फेररचनेनंतर त्या जागा फिरत राहतील. महाराष्ट्रात जमातींसाठी राखीव लोकसभा मतदारसंघ सध्या चार आहेत: नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर. फेररचनेत त्यांच्या सीमा बदलतील, साक्री तालुका कुठल्या मतदारसंघात पडेल तेही नव्याने ठरेल आणि त्यातली कोणती जागा स्त्रियांना जाईल हे त्यानंतर कळेल. तोवर उमेदवारी कुणाला द्यायची हे पक्षच ठरवणार.